कागदापुढे रडायचं नाही

१२ फेब्रुवारी

साहेब,

हे पत्र तुझ्या ताईच्या पत्त्यावर पाठवतोय. तिने कळवलं की निलंबन झाल्यापासून तू तिच्याकडेच आहेस, कोणाशी फारसं बोलत नाहीस आणि भाच्यांना गणित शिकवतोस. बरं आहे. व्यापार खात्यात बसून देशाचं गणित केलंस, आता पोरांचं कर. पोरांचं चुकलं तर निदान कात्र्यांची अख्खी गल्ली बसत नाही.

पत्राचं कारण तुझी आई. गेल्या दीड वर्षात तिने एकदाही "त्याला लिहा" म्हटलं नव्हतं. परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "दुकान रिकामं होतंय, निदान तेवढं तरी कळवा त्याला." म्हणून कळवतो. दुकान रिकामं झालं. जोडणीचं टेबल सुताराने नेलं, तो त्यावर खिडक्या बनवणार आहे. ऐरण भंगारवाल्याच्या दोन माणसांना उचलेना, तिसरा बोलवावा लागला. ते बघताना मला उगाच बरं वाटलं. हातोडी मात्र दिली नाही. ती उशाशी घेऊन झोपतो असं तुझी आई सगळ्यांना सांगते, ते खोटं आहे. ती खुर्चीवर असते.

तुझ्या फायलींमध्ये हे कुठे लिहिलेलं नसेल म्हणून सांगतो. कात्रीची दोन पाती सरळ बसवली तर ती कापत नाही. दोघांना किंचित बाक द्यावा लागतो, इतका की डोळ्याला दिसू नये. मग मिटताना ती एका वेळी एकाच जागी एकमेकांना टेकतात आणि ती जागा मुठीपासून टोकापर्यंत सरकत जाते. हा बाक हातोडीने द्यायचा आणि कानाने तपासायचा. त्यानंतर ओल्या मलमलीवर टोकाने एक काप. धागा ओढला गेला तर परत ठोका. हे मी एक्केचाळीस वर्षं केलं. आता पलीकडच्या देशातून प्लास्टिकच्या मुठीच्या कात्र्या येतात. त्यांचा अख्खा डबा आमच्या नुसत्या पोलादाच्या भावात पडतो. त्या वर्षभरात बोथट होतात, लोक फेकतात आणि दुसरी घेतात. शिंपीसुद्धा.

करार काय झाला ते गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आपलं कापड त्यांच्याकडे बिनकराचं जाणार. बदल्यात आपण लोखंडी मालातल्या एका वस्तूवरचा आयात कर काढायचा, कुलपं तरी किंवा कात्र्या तरी. दोघांतलं कोण तग धरेल याची टिपणी ज्या टेबलावर लिहिली गेली, त्या टेबलामागे माझा मुलगा बसला होता. कुलपं वाचली.

तुझा मामा, ज्याच्या पॉलिशच्या चाकाशी तू लहानपणी उभा राहायचास, तो आता वखारीवर राखणदार आहे. वखारीत माल कसला, तर त्याच कात्र्यांचा. म्हणतो, "निदान पॉलिश तरी करावं लागत नाही." हसून म्हणतो. मग आमच्या घरी येऊन तुझ्या आईपाशी रडतो.

त्या दिवशी दारात मी तुला जे बोललो ते सगळ्या गल्लीने ऐकलं. "हा माझा कोणी नाही" असं म्हणालो. तू उलट एक शब्द बोलला नाहीस, चपला घातल्यास आणि गेलास. मला वाटलं होतं, तू भांडशील.

एकच विचारायचं आहे. सही करण्याआधी तुला एकदा, फक्त एकदा, बापाला विचारता आलं नसतं?

कळावे.
माजी दुकानदार


२७ फेब्रुवारी

साहेब,

तुझं उत्तर नाही. ताईने फोनवर तुझ्या आईला सांगितलं की तू पत्र वाचलंस, घडी घालून खिशात ठेवलंस आणि पोरांना पाढे म्हणायला बसवलंस.

मी पत्रात काय लिहिलं ते तुझ्या आईने मला विचारलं. मी सांगितलं. शेवटचा प्रश्नही सांगितला. तिने हातातला डाव खाली ठेवला आणि म्हणाली, "त्याने विचारलं होतं. फोन मीच उचलला होता."

तर मागच्या पत्रातलं तेवढं खोडून टाक. तू विचारलं होतंस.

पण तू कसं विचारलंस ते बघ. ऐन सकाळी, कामाच्या वेळेला. समोर शहरातला ठोक व्यापारी बसलेला, दोनशे शिंपीकात्र्यांची बोलणी चाललेली, आणि तू फोनवर म्हणतोस, "बाबा, खरं सांगा, आयात कर गेला तर तुम्ही टिकाल का?" आता गिऱ्हाईक समोर असताना कोणी "आम्ही बुडू" म्हणतं का? गिऱ्हाइकापुढे आणि कागदापुढे रडायचं नाही, हे माझ्या वडिलांनी मला हातोडी देण्याआधी शिकवलं होतं. आपण ढिले पडलो असा वास लागला की गिऱ्हाईक भाव पाडतं. तुला हे ठाऊक होतं. तू याच गल्लीत वाढलास. म्हणून मी म्हणालो, "येऊ दे की. त्यांच्या डबड्यांना कोण विचारतंय? आमची कात्री आजोबा घेतो आणि नातू वापरतो."

मग म्हणालास, "नक्की ना?"

मी म्हणालो, "तू तुझं ऑफिस सांभाळ."

त्याआधी तुमच्या खात्याचा छापील अर्जही आला होता. "आयात कर काढल्यास आपल्या धंद्यावर काय परिणाम होईल?" आणि खाली तीन ओळी मोकळ्या. मी लिहिलं, "काहीही नाही. मागणी जोरात आहे." खरं तर त्या महिन्यात मी आठवड्याचे तीनच दिवस हातोडी उचलत होतो. पण कागद कोणाच्या हाती पडेल कोण जाणे. तू तरी माझ्या जागी काय लिहिलं असतंस?

तुझ्या आईने या पत्रात लिहायला सांगितलं आहे की तिचा गुडघा बरा आहे. तो बरा नाही.

बाबा


११ मार्च

तुला काय म्हणून हाक मारावी ते सुचत नाही, म्हणून तशीच सुरुवात करतो.

काल सलूनमध्ये दाढीला बसलो होतो. शेजारच्या खुर्चीत मामा होता. कराराच्या चौकशी समितीपुढे तुझी जबानी झाल्याची बातमी पेपरात होती आणि मामाने ती सगळ्यांना वाचून दाखवली. समितीने तुला विचारलं की कात्र्यांचा धंदा टिकेल असं तू कशाच्या आधारावर लिहिलंस. तू म्हणालास, धंद्यातल्या एका जाणत्या माणसाशी बोललो होतो. त्यांनी नाव विचारलं. तू नाव सांगितलं नाहीस. त्यांनी बजावलं की नाव दिलं नाही तर सगळी जबाबदारी तुझी एकट्याची धरली जाईल. तू म्हणालास, "ती माझीच आहे."

मामा म्हणाला, "नाव सांगत नाही म्हणजे नावच नाही. थापा मारतोय. खाल्ले असतील पलीकडच्यांचे." न्हाव्याचा वस्तरा माझ्या गळ्यापाशी होता, त्यामुळे मला बोलता येत नव्हतं.

नाही. हेही खोडतो. मला खोटं लिहायची सवयच लागली आहे. वस्तरा तेव्हा गळ्यापाशी नव्हता. न्हावी साबण फेसत होता. मला बोलता येत होतं. मी आरशात स्वतःकडे बघत बसलो. तोंडभर फेस होता म्हणून माझा चेहरा कोणाला दिसला नाही, एवढंच.

तू जबानीला राजधानीत आलास. तिथून घर गाडीने चार तासांवर. तू आला नाहीस. तुझी आई दोन दिवस दाराकडे बघत होती आणि बघत नसल्याचं दाखवत होती. मी तिला म्हणालो, "तो कशाला येईल?" ती म्हणाली, "तेच म्हणते मी, कशाला येईल?"

आता खरं ते ऐक. ठोक व्यापारी तिथे नव्हता. तो आदल्या दिवशी येऊन गेला होता आणि काहीही न घेता गेला होता. तुझा फोन आला तेव्हा दुकानात मी एकटा होतो. तुझ्या आईने फोन आणून दिला आणि ती कोपऱ्यात स्क्रू निवडत बसली. ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. मी तुला खरं सांगू शकलो असतो. तुझी आई स्क्रू निवडता निवडता थांबली होती. मी सांगेन असं तिला वाटलं होतं.

का नाही सांगितलं ते लिहितो, एकदाच लिहितो. एकोणीस वर्षांचा असताना तू हातोडी टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "बाबा, वीस वर्षांत ही गल्ली राहणार नाही. मी शिकतो." मी तुझ्याशी चार महिने बोललो नव्हतो. मनात म्हणत होतो, बघू, कोण खरा ठरतो. मग तू साहेब झालास. फोनवर तू मला विचारत होतास की टिकाल का, आणि मला ऐकू येत होतं की हरलात का? सोळा वर्षांनी तूच खरा ठरला होतास, आणि हे मला तुझ्यापुढे कबूल करायचं नव्हतं. गिऱ्हाईक, कागद, वडिलांची शिकवण, हे सगळं मी नंतर रचलं. पोटच्या पोरापुढे बापाला मान खाली घालवेना, एवढंच होतं.

त्यापायी माझी कात्री गेली, ते मी सोसलं. माझ्याबरोबर आणखी तीस दुकानं गेली. आणि तू गेलास. तुला तर मी स्वतः दारातून घालवलं. आणि ज्या गोष्टीसाठी घालवलं ती मीच केली होती, हे तुला ठाऊक होतं. सगळी गल्ली तुला शिव्या देत होती आणि तू माझ्याकडे बघत होतास. तू माझ्या बोलण्याची वाट बघत होतास, हे मला आता कळतंय असं लिहिणार होतो. पण ते तेव्हाही कळत होतं.

तू तेव्हा एक वाक्य बोलला असतास तर गल्लीने मला फाडून खाल्लं असतं. तू चपला घातल्यास.

बाबा


२ एप्रिल

बाळ,

काल आपल्या कात्रीवाल्यांच्या संघाची शेवटची बैठक झाली. धार लावायची सामाईक शेड द्यायची की ठेवायची, एवढाच विषय होता. तिथे बर्फ ठेवायला कोणीतरी मागतोय. अठ्ठावीस जण आले होते. बाकीचे परगावी मुलांकडे गेले आहेत.

विषय संपल्यावर मी उभा राहिलो. खुर्चीची पाठ धरली. म्हणालो, "माझ्या मुलाने ज्या जाणत्या माणसाला विचारलं, तो जाणता माणूस मी. त्याने फोन करून विचारलं होतं आणि मी त्याला टिकू म्हणून सांगितलं. छापील अर्जावरही तेच लिहिलं. त्याला शिव्या दिल्यात त्या परत घ्या आणि मला द्या."

मला वाटलं होतं, कोणीतरी अंगावर धावून येईल. मामाच येईल असं वाटलं. कोणीच आलं नाही. संघाचे अध्यक्ष म्हणाले, "अर्जावर मीही तेच लिहिलं होतं."

मग पलीकडच्या दुकानाचा मालक म्हणाला, "मीही." मग त्याच्या शेजारचा. एकेक करत सगळे. प्रत्येकाने लिहिलं होतं, परिणाम नाही, मागणी जोरात. प्रत्येकाला वाटलं होतं की बाकीचे तीस जण रडतीलच, आपण एकट्याने ऐट राखली तर काय बिघडतं? कुलूपवाल्यांनी मात्र पहिल्या ओळीपासून गळा काढला होता. अर्जाला जास्तीची पानं जोडून रडले. आपण त्यांना हसायचो, कारण ते गिऱ्हाइकापुढेही रडतात. ते वाचले.

मी म्हणालो, "मग आता सगळे मिळून लिहून देऊ. अर्ज आम्ही खोटे भरले, पोराचा दोष नाही. खाली सह्या करू."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "आता त्याने काय होणार? गेलेला धंदा परत येणार आहे का?" दुसरा म्हणाला, "सरकारची नुकसानभरपाई अजून यायची आहे. खोटं लिहिलं म्हणून दिलं तर तीही अडकेल." लोक खुर्च्या मागे सारून उठले. कोणी मला वाईट बोललं नाही. जाताना दोघांनी खांद्यावर हात ठेवला. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी मामा एकटा उरला. त्याला ना दुकान ना अर्ज, तो दुसऱ्यांच्या पात्यांना पॉलिश करणारा. त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, "भावोजी, मी त्याला चोर म्हणालो. माझ्याच भाच्याला." मग म्हणाला, "आणा तो कागद, मी करतो सही." मी म्हणालो, "तुझ्या सहीला काय अर्थ? तू कुठे खोटं लिहिलंस?" तो म्हणाला, "तरी करतो." आणि केली. दोन सह्यांचा कागद झाला, त्यातली एक निरपराध माणसाची.

उद्या तो घेऊन मी राजधानीला जातोय, समितीच्या कचेरीत. तुझ्या आईने डबा भरून ठेवला आहे. मी तिला म्हणालो, "जाऊन येतो." ती म्हणाली, "दीड वर्ष उशिरा निघालात, निदान गाडी तरी चुकवू नका."

बाबा


३ एप्रिल, राजधानी

बाळ,

गाडी चुकली नाही. बाकी सगळ्याला उशीर झाला.

कचेरीत खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की समितीचं काम गेल्या आठवड्यात संपलं. अहवाल छापून झाला आहे. मी आमचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो वाचला, चांगला माणूस होता, दोनदा वाचला, आणि म्हणाला, "हा घ्यायला आता कोणी नाही, काका. तुमच्या मुलाच्या बडतर्फीचा हुकूम सोमवारीच निघाला."

तू ते ताईला सांगितलं नाहीस. की सांगितलंस आणि तिने आम्हाला सांगितलं नाही?

मला तसंच परत फिरवेना. मी विचारलं, "अहवाल बघायला मिळेल का?" त्याने वरच्या मजल्यावरच्या वाचनालयात पाठवलं. तिथल्या बाईंनी जाडजूड पुस्तक काढून दिलं आणि हातोडीने जाड झालेली माझी बोटं बघून पानं स्वतःच उलटून दिली. मागे सगळी कागदपत्रं जोडली आहेत. आपल्या गल्लीचे एकतीस अर्ज एकामागून एक आहेत. माझं अक्षर मी लांबून ओळखलं. मागणी जोरात आहे. आणि अर्जांच्या पुढे तुझी टिपणी, तुझ्या सहीची.

मला वाटलं होतं की तू आमच्या अर्जांवर विश्वास ठेवलास आणि फसलास. तसं नव्हतं. तू लिहिलं आहेस, "या अर्जांवर विसंबू नये. या धंद्यातली माणसं कागदावर आपली अडचण कधीही लिहीत नाहीत, हे मी लहानपणापासून जाणतो." मी ती ओळ बोट ठेवून वाचली. तू आम्हाला वाचवायला बसला होतास रे. एकतीस जणांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं तू मोडून काढलं होतंस. नुसतं तेवढं ठेवून खाली सही केली असतीस तर आज माझं टेबल माझ्या दुकानात असतं आणि तू तुझ्या ऑफिसात.

पण तू माझ्यासारखा नाहीस. नुसत्या अंदाजावर सही करणं तुला जमेना. म्हणून तू फोन केलास. टिपणीत पुढे तेच लिहिलं आहे. "म्हणून या धंद्यातल्या एका ज्येष्ठ कारागिराशी मी स्वतः बोललो. त्यांच्या मते धंदा टिकेल. त्यांचं नाव देत नाही. इतरांशी ते कसे बोलतात ते मला माहीत आहे, पण ते माझ्याशी खोटं बोलणार नाहीत."

ते पान मी किती वेळ धरून बसलो ते माहीत नाही. बाईंनी पाणी आणून दिलं. मी त्यांना विचारलं, "या ओळीखाली मला काही लिहिता येईल का? एकच ओळ." त्या म्हणाल्या, "आजोबा, हे छापून झालंय." मी म्हणालो, "पेन्सिलीने?" त्यांनी मान हलवली आणि पुस्तक माझ्या हातून हळूच सोडवून घेतलं.

घरी ये असं म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. तुझ्या आईला तेवढा फोन कर, गुडघ्याचं निमित्त काढ. मला काही विचारलंस तर आता जे असेल तेच सांगेन. पण तू मला कशाला विचारशील?

त्या पानावर जे लिहू दिलं नाही ते इथे लिहितो. तुझ्या टिपणीतला शब्द न् शब्द मी वाचला. सगळं खरं आहे, फक्त शेवटचं वाक्य खोटं आहे. ते तू खरं समजून लिहिलंस, आणि मी ते खोटं केलं.

बाबा